अपोलो बंदरावरून दिसणारे दिवे

मुंबईस आलेल्या पाहुण्याला गेटवे ऑफ इंडिया दाखविल्याखेरीज यजमानाचे समाधान होत नाही. पाहुणा बहुधा दुपारी येतो, १९२४ साली पुरी झालेली ती पिवळसर बेसाल्टची कमान मान वर करून न्याहाळतो, छायाचित्र काढून घेतो, घारापुरीच्या लाँचचे भाडे विचारतो आणि माघारी वळतो. आपण मात्र एकदा सूर्यास्ताच्या सुमारास तेथे जावे, कमानीकडे पाठ करावी आणि समुद्राच्या कठड्याशी अर्धा तास स्वस्थ उभे राहावे. पाहावयाचे ते त्यानंतर सुरू होते, आणि त्याला भाडे पडत नाही.

जुने मुंबईकर ज्याला पालवा बंदर म्हणत, ते हे अपोलो बंदर पूर्वेकडे तोंड करून आहे. सूर्य मावळतो तो आपल्या पाठीमागे, शहराच्या पलीकडे. त्यामुळे समोरचे पाणी चौपाटीवरच्या पाण्यापेक्षा लवकर काळवंडते आणि नांगरलेल्या, चालत्या, येणाऱ्या, जाणाऱ्या साऱ्या नौकांचे दिवे एकामागून एक उजळू लागतात. प्रथम तो नुसता दिव्यांचा पसारा वाटतो. डोळे थोडे सरावले म्हणजे मात्र त्यात एक व्यवस्था दिसू लागते. दोन पांढरे दिवे, एक खाली व एक वर, आणि त्यांच्या खाली एक रंगीत ठिपका, असा समूह जर आपल्या डावीकडे, म्हणजे उत्तरेला सरकत असेल, तर तो ठिपका लाल असतो. तसाच समूह उजवीकडे, कुलाब्याच्या टोकाकडे सरकत असेल, तर तो ठिपका हिरवा असतो. कितीही वेळ पाहा, यात फरक पडावयाचा नाही. बंदरात येणारे जहाज पालवा बंदराला लाल दिवा दाखविते आणि खुल्या समुद्रावर निघालेले हिरवा. त्याच क्षणी समोर उरणच्या किनाऱ्यावर कोणी आपल्यासारखाच उभा असेल, तर त्याला येणाऱ्याचा हिरवा आणि जाणाऱ्याचा लाल दिसत असेल.

याचे कारण सोपे आहे. जगातील प्रत्येक जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या जहाजाचे डावे अंग पश्चिमेला, म्हणजे आपल्याकडे येते. तेच जहाज दक्षिणेकडे वळले की आपल्याकडे त्याचे उजवे अंग होते. मुलांना हे लक्षात ठेवावयाचे असेल तर ‘जहाजाचा डावा डोळा लाल’ एवढे सांगितले तरी पुरे.

पण डावे अंग म्हणजे कोणाचे डावे? प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. होडी वल्हविणारा माणूस होडीच्या मागील टोकाकडे तोंड करून बसतो. त्याचा उजवा हात असतो त्या बाजूला होडीचे डावे अंग असते. जहाजावर पन्नास माणसे पन्नास दिशांना तोंड करून कामे करीत असतात. वादळात कोणी ‘डावीकडचा दोर ओढा’ असे ओरडला, तर निम्म्यांनी आपल्या डावीकडे धाव घ्यावयाची आणि निम्म्यांनी त्याच्या! म्हणून जहाजाच्या बाजू माणसाच्या हातांवर सोडल्या नाहीत. जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून जी डावी ती ‘पोर्ट’ आणि जी उजवी ती ‘स्टारबोर्ड’, असे त्यांना कायमचे नामकरण केले. मग पाहणारा कोणीकडेही वळो, पोर्ट ती पोर्टच.

ही युक्ती आपल्या देशातील शेतकऱ्याला नवी नाही. जायकवाडीचा डावा कालवा आणि उजवा कालवा असे आपण म्हणतो, किंवा तेलंगण-आंध्रातील वाचक नागार्जुनसागरचे दोन कालवे तशाच नावांनी ओळखतात, तेव्हा ती डावी-उजवी बाजू नदीची असते. प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहावे आणि हात ओळखावेत. धरणाकडे तोंड करून उभा राहिलेला प्रवासी म्हणेल तेच खरे, असे मानले असते तर पाण्यावरून होणाऱ्या भांडणांत आणखी एकाची भर पडली असती. आपल्या पूर्वजांनी तर शरीराची बाजू आणि दिशा यांना एकच शब्द दिला. पूर्वेकडे तोंड केले की उजवा हात येतो ती दक्षिण, आणि देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरावयाचे ती प्रदक्षिणा. ‘सव्य’ या शब्दाची गंमत निराळीच आहे. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ डावा, म्हणून डाव्या हातानेही बाण सोडणारा अर्जुन तो सव्यसाची. व्यवहारात मात्र आज पुष्कळ जण सव्य म्हणजे उजवे असेच समजतात. शब्द असे फिरू लागले म्हणजे काय होते, ते खलाशांनाही भोगावे लागले आहे.

फार पूर्वी उत्तर युरोपातील नौकांना आजच्यासारखे मागील टोकाच्या मध्यावर सुकाणू नसे. उजव्या अंगाला बांधलेल्या एका रुंद वल्ह्याने नौका वळवीत, कारण बहुतेक माणसे उजवी. वळविण्याची बाजू या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून स्टारबोर्ड हा शब्द आला. ते वल्हे धक्क्यावर आपटू नये म्हणून नौका डावे अंग धक्क्याला लावून उभी करीत व त्या बाजूने माल चढवीत. तिला ‘लारबोर्ड’ हे नाव पडले. आता वाऱ्यापावसात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड हे दोन शब्द ओरडून पाहा. शेवटी कंटाळून ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये लारबोर्ड हा शब्द टाकला आणि बंदराची बाजू म्हणून ‘पोर्ट’ हा शब्द पक्का केला. अमेरिकेच्या आरमाराने दोन वर्षांनी तेच केले. आपल्याकडे अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन शिडांचे एक जहाज चितारलेले आहे, त्याच्याही मागल्या अंगाला सुकाणूचे वल्हे दिसते, आणि पुढच्या टोकावर चित्रकाराने डोळा काढला आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचे ते चित्र पुन्हा औरंगाबादच्या बाजूला जाणे झाले तर सवडीने पाहावे.

शब्द सुधारला तरी घोटाळा संपला नव्हता. सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळते, हे होडी चालविणाऱ्याला ठाऊक असते. दांड्याची जागा चाकाने घेतली तरी हुकूम जुन्या दांड्याच्याच भाषेत दिले जात. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकसमोर हिमनग दिसताच तेथील अधिकाऱ्याने सुकाणू पूर्ण स्टारबोर्डला टाकण्याचा हुकूम दिला आणि जहाज, त्याच्या इच्छेप्रमाणेच, डावीकडे वळले. त्यावेळच्या खलाशांना यात वावगे काही वाटत नसे. परंतु निरनिराळ्या देशांच्या रीती निरनिराळ्या राहिल्या असत्या तर अनर्थ अटळ होता. १९३० नंतरच्या काळात ही जुनी रीत मोडली आणि ब्रिटनने १९३३ पासून, जहाज वळावयाचे असेल त्याच दिशेचे नाव हुकुमात घ्यावे, असा नियम केला.

दिव्यांची कथा एकोणिसाव्या शतकात सुरू होते. शिडाची जहाजे वाऱ्यावर अवलंबून असत आणि बहुधा संथ चालत. आगबोटी आल्या, त्या वाऱ्याला न जुमानता कोणत्याही दिशेने वेगाने येऊ लागल्या आणि रात्रीच्या टकरी वाढल्या. ब्रिटनने १८४८ मध्ये आगबोटींना लाल, हिरवा आणि पांढरा असे तीन दिवे लावण्यास भाग पाडले आणि १८५८ मध्ये शिडाच्या जहाजांनाही रंगीत दिवे लावावयास सांगितले. आज सर्व जगात जे नियम चालतात ते १९७२ मध्ये ठरले व १५ जुलै १९७७ पासून अमलात आले.

यातील खरी बुद्धी रंगापेक्षा दिव्याच्या कोनात आहे. लाल आणि हिरवा दिवा अशा पेटीत बसविलेला असतो की, तो ठीक समोरून आपल्या अंगाला साडेबारा अधिक शंभर, म्हणजे ११२.५ अंशांपर्यंतच दिसावा. डोलकाठीवरचा पांढरा दिवा समोरच्या २२५ अंशांत दिसतो आणि मागील पांढरा दिवा उरलेल्या १३५ अंशांत. हे अर्धे-मुर्धे आकडे चमत्कारिक वाटतात, पण जुन्या होकायंत्राचे ३२ भाग असत आणि प्रत्येक भाग ११.२५ अंशांचा. दहा भाग डावीकडे, दहा उजवीकडे, बारा मागे. बेरीज बरोबर बत्तीस! त्यामुळे अंधारात जहाज दिसत नसले तरी त्याचे तोंड कोणीकडे आहे ते कळते. नुसता लाल दिसला तर त्याचे डावे अंग आपल्याकडे आहे. नुसता एक पांढरा दिसला तर बहुधा ते आपल्यापासून दूर चालले आहे, किंवा ती नांगरलेली छोटी नौका आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, आणि पांढरे दिवे एकावर एक नीट ओळीत आले, म्हणजे ते थेट आपल्यावर येत आहे. पन्नास मीटर वा त्याहून लांब जहाजाला दोन पांढरे दिवे लावावे लागतात, त्यातील पुढचा खाली आणि मागचा वर. उताराच्या दिशेने जहाजाचे तोंड, हे दुरूनही ओळखता येते.

मग वाट कोणी द्यावयाची? इंजिनावर चालणाऱ्या दोन नौकांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजवीकडे दुसरी असेल तिने वाट द्यावी. म्हणजे समोरच्याचा लाल दिवा दिसला की आपण थांबावे वा वळावे आणि हिरवा दिसला की आपली वाट सरळ धरावी. रस्त्यावरच्या सिग्नलशी हे चांगले जुळते. पण एक गोष्ट उलटी आहे. आपल्या देशात रस्त्यावर डावीकडून चालावयाचे. समुद्रावर समोरासमोर आलेल्या नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावयाचे आणि एकमेकींचा लाल दिवा लालाशी ठेवून पुढे निघावयाचे, अरुंद जलमार्गातही उजवी कड धरावयाची. आयुष्यभर मोटार चालविलेल्या माणसाने सुट्टीत छोटी बोट हाती घेतली तर संकटाच्या क्षणी त्याचा हात कोणीकडे वळेल, याची मला नेहमी धास्ती वाटते. वळणाऱ्या नौकेने भोंगाही द्यावयाचा असतो, उजवीकडे वळताना एक छोटा, डावीकडे वळताना दोन. तीन छोटे भोंगे म्हणजे इंजिन उलटे फिरत आहे.

हे सारे कागदावर स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात ७ ऑगस्ट २०१० रोजी, भर सकाळी, याच बंदराच्या तोंडाशी न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात येणारे ‘खलिजिया’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा एका अंगावर कलंडले, त्याच्यावरील कंटेनर पाण्यात पडून जलमार्गात तरंगू लागले, तेल सांडले, आणि काही दिवस जहाजांची ये-जा बंद ठेवावी लागली. तेलाच्या भीतीने मासळीला गिऱ्हाईक मिळेना. टक्कर झाली दोन परक्या जहाजांची, पण चूल थंडावली ती किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांची.

त्याहून करुण प्रकार रात्रीचे असतात. जून २०१७ मध्ये कोचीजवळच्या समुद्रात पहाटेच्या अंधारात एका परदेशी मालवाहू जहाजाने मासेमारी नौकेला धडक दिली व नौकेवरील माणसे प्राणास मुकली. मोठ्या जहाजाच्या पुलावरून खाली पाण्यालगतची लहान नौका आधीच कशीबशी दिसते. म्हणूनच जाळे ओढणाऱ्या नौकेने पांढऱ्यावर हिरवा आणि इतर रीतीने मासेमारी करणाऱ्या नौकेने पांढऱ्यावर लाल दिवा लावावा, असा निराळा नियम आहे. वल्ह्याच्या होडीनेदेखील निदान एक पांढरा दिवा हाताशी ठेवावा आणि वेळीच दाखवावा. नौका विकत घेताना इंजिनाची दहादा पारख करणारा तांडेल दिव्याच्या काचेवर साचलेले मीठ पुसावयास विसरला, तर त्या रात्री त्याची नौका समुद्राच्या दृष्टीने नाहीशीच झालेली असते. उलट टोकही वाईटच. सहलीच्या नौकांवर रंगीबेरंगी माळा सोडल्या म्हणजे खरा दिवा कोणता ते ओळखणे कठीण. नियमांत म्हटले आहे की, या दिव्यांशी घोटाळा होईल असे दुसरे दिवे लावूच नयेत. पण शोभेच्या हौसेपुढे कोणाचे चालते?

आता कठडा सोडून मांडव्याच्या फेरीला बसू. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, पण भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून सुरू झालेली मोटारीही नेणारी रो-रो नौका आहे. सुमारे तासाभराचा प्रवास. हिवाळ्यात समुद्रपक्षी नौकेच्या मागे लागतात आणि मुले त्यांच्याकडेच पाहत राहतात. त्यांना थोडे पाण्याकडे पाहावयास सांगावे. लाल, चपट्या माथ्याचे आणि हिरवे, निमुळत्या माथ्याचे बोये मधून मधून डोलताना दिसतील. ते जलमार्गाच्या कडा दाखवितात. समुद्रावरून बंदरात येताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवावयाचे. जहाजाच्या दिव्यांचे तेच रंग, त्याच बाजू. मुंबईहून बाहेर पडताना अर्थातच ते उलटे दिसतात. भारत, युरोप, आफ्रिका येथे ही रीत आहे. अमेरिका खंडात, तसेच जपान, कोरिया, फिलिपाइन्स येथे नेमकी उलटी, तेथे आत येताना लाल उजवीकडे! जहाजाचे दिवे सगळ्या जगाने एक केले, बोयांच्या बाबतीत मात्र १९८० पर्यंत खटपट करूनही दोन तट राहिलेच. मांडव्याकडे जाताना उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकापलीकडे खडकांवर उभे असलेले प्राँग्ज दीपगृह दिसते. संध्याकाळच्या फेरीत त्याचा झोत फिरू लागलेला असतो.

ज्यांच्या गावाला समुद्र नाही त्यांनी वर पाहावे. विमानांनी जहाजांचीच वहिवाट उचलली. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, शेपटीकडे पांढरा. समोर दोन्ही बाजूंना ११० अंश, मागे १४०. लुकलुकणारे तांबडे व पांढरे दिवे निराळे, ते केवळ लक्ष वेधण्यासाठी. मुंबईत पूर्वेकडून उतरणारे विमान घाटकोपरवरून पश्चिमेला जाते. त्या वाटेच्या दक्षिणेला, कुर्ल्याच्या एखाद्या गच्चीवर उभे राहिले तर त्याचा लाल दिवा दिसेल. समोरासमोर आलेल्या विमानांनीही उजवीकडेच वळावयाचे असते. मुख्य वैमानिक डावीकडे बसतो आणि प्रवासी डाव्या अंगाने चढतात, जणू विमान धक्क्यालाच लागले आहे. खिडकीजवळच्या ‘ए’ आसनावर बसून रात्री ढगांतून जाताना पंखाच्या टोकाशी ढग तांबूस झालेला दिसतो. पलीकडच्या खिडकीत तोच हिरवट.

मात्र ढगांत दिव्याचे बळ तेवढेच. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीस उतरणारे कझाक विमान एकमेकांवर आदळले. नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आलेल्या एका विमानामुळे ३४९ माणसे गेली. त्यानंतर टक्कर टाळणारे, समोरच्या विमानाची चाहूल देणारे यंत्र आपल्या देशात सक्तीचे झाले.

आणि डावे-उजवे या दोन साध्या शब्दांची किंमत पाहावयाची असेल तर ८ जानेवारी १९८९ ची इंग्लंडमधील केगवर्थची दुर्घटना पाहावी. लंडनहून बेलफास्टला निघालेल्या विमानाचे डावे इंजिन बिघडले. वैमानिकांनी उजवे बंद केले, आणि उजव्या इंजिनात बिघाड झाला होता, ते आता बंद केले आहे, असे प्रवाशांना सांगितले. डाव्या बाजूला ठिणग्या उडताना प्रवाशांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. काही जण चमकलेही. पण सांगणारा वैमानिक, त्याला अधिक कळत असणार, म्हणून कोणीच बोलले नाही. धावपट्टी हाताशी आली असता उरलेले इंजिनही गेले आणि ४७ माणसे दगावली. त्यानंतर वैमानिक आणि विमानातील इतर सेवक यांनी परस्परांशी मोकळेपणे बोलावे, यावर शिक्षणात भर दिला जाऊ लागला.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी मुलाला वा मुलीला व्यापारी जहाजांवर किंवा विमानावर जाण्याची उमेद असेल. त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे सांगावयास हवी. लाल आणि हिरव्यातील फरक ज्यांना नीट कळत नाही अशी माणसे दिसतात त्याहून पुष्कळ आहेत, आणि त्यांत पुरुष अधिक. हा दोष बहुधा आजोळकडून येतो. आईच्या वडिलांना तो असेल तर आईला स्वतःला काही न जाणवता तो मुलात उतरू शकतो. घरात, शाळेत त्याने फारसे अडत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तो उघडकीस येत नाही. जहाजावरील अधिकाऱ्याला मात्र मैलांवरचा ठिपका लाल की हिरवा हे क्षणात सांगता आले पाहिजे. म्हणून प्रवेशापूर्वी रंगदृष्टीची परीक्षा असते. जपानचे डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या पाट्या त्यासाठी अजून वापरल्या जातात. रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा वाचावयाचा असतो, दोन-चार मिनिटांचे काम. शिकवणीची फी भरण्यापूर्वी, मुलाच्या मनात समुद्र पुरता शिरण्यापूर्वी, ती तपासणी जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावी.